टक्का लेकराचा, दिवस मायचा

मुखेडच्या बसस्थानकावर सकाळी नांदेडच्या गाडीची वाट पाहणाऱ्या गर्दीत सात-आठ वर्षांचं लेकरू कडेवर घेतलेली बाई दिसली आणि तिच्या दुसऱ्या हातात साडीच्या दुकानातली जाड पिशवी असली, तर ती कुठं निघालीय हे विचारावं लागत नाही. पिशवीत आधारकार्ड असतं, रेशनकार्ड असतं, उत्पन्नाचा दाखला, चार पासपोर्ट फोटो, दोन-तीन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या. सगळ्यांत खाली घड्या पडून चिरलेलं बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं की नाही, ते त्यावर लिहिलेलं असतं. 'उशिरा रडलं' एवढ्या दोन शब्दांत या भागातल्या कितीतरी आया पुढची सगळी हकिगत सांगून टाकतात.

दिव्यांग मुलांच्या कुटुंबांना आधार कसा द्यावा आणि त्यांची बाजू कुणी, कशी मांडावी, या प्रश्नाचा आजवरचा आढावा घ्यायचं ठरलं तेव्हा आधी ही पिशवीच डोळ्यांपुढं आली. या प्रश्नावर बरंच बोललं गेलं आहे. न्यायालयांत, मंत्रालयात, संस्थांच्या परिषदांत. ते सगळं मुखेडात उभं राहून कसं दिसतं, ते इथं पाहायचं आहे. नांदेड जिल्ह्यातला हा तालुका लातूर जिल्ह्याला खेटून आहे. बालाघाटाच्या डोंगररांगांतली वाड्या-तांड्यांची वस्ती. मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांबच्या बाजारात मराठीबरोबर बंजाऱ्यांची गोरमाटी, कन्नड, तेलुगू कानावर पडते. दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलूप लागतं आणि माणसं ऊसतोडीला, नाहीतर हैदराबाद-पुण्याच्या बांधकामांवर जातात.

शब्द बदलत गेले

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात बऱ्याच अंशी आईबापांनी केली. १९४४ साली मुंबईत जय वकील शाळा सुरू झाली ती होर्मसजी आणि जेरबाई वकील यांच्या दीना या मुलीसाठी. तिला डाउन सिंड्रोम होता आणि तिच्याजोगी शाळा नव्हती. पुण्यात १९६४ मध्ये 'कामायनी' उभी राहिली. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी काढली, त्यामागंही मुलगीच होती. ती मुलगी, मालिनी छिब, पुढं आत्मचरित्र लिहिणारी लेखिका झाली. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढं लागेल.

ही सारी शहरातली, शिकलेली, इंग्रजीत पत्रव्यवहार करू शकणारी माणसं होती. चळवळीला तेव्हा जो आकार आला तो बराचसा आजही तसाच आहे. मराठवाडा १९४८ साली निजामाच्या राज्यातून बाहेर पडला तेव्हा इथं साधी शाळा आणि साधा दवाखाना हेच मोठे प्रश्न होते. विशेष शाळा आल्या त्या नंतर, बहुतेक संस्थाचालकांच्या, अनुदानावरच्या, वसतिगृहासकट. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी जनकल्याण समितीचं 'संवेदना' आणि लातूर शहरात स्वमग्न व बहुविकलांग मुलांसाठी 'उमंग' ही केंद्रं अलीकडची. त्याआधी मूल जास्तच अडचणीत असलं तर जुन्या सवयीनं हैदराबादची वाट धरायची. तिकडं सिकंदराबादला १९८४ पासून बौद्धिक अक्षमतेची राष्ट्रीय संस्था आहे.

कायद्यांचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा आला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गोष्टींपुरता. २००७ मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्याला जुळवून घेणारा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि सातांचे एकवीस प्रकार झाले. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणासाठी वेगळा विभाग काढला.

पाट्याही बदलल्या. अपंग, मतिमंद, मूकबधिर हे शब्द मागं पडले आणि 'दिव्यांग' आला. काहींना तो सन्मानाचा वाटतो. काहींना वाटतं, दिव्यत्व चिकटवलं की हक्काची मागणी करायला जागा उरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २०१९ मध्ये हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली. घरात मात्र यातला एकही शब्द नसतो. 'लेकरू असं झालंय' म्हणतात आणि पुढं कामाचं बोलतात.

आधी टक्का

कुठल्याही मदतीचं दार प्रमाणपत्रानं उघडतं आणि प्रमाणपत्रावर महत्त्वाचा असतो तो टक्का. चाळीसच्या आत असला तर बहुतेक योजना बंद.

कागदावरची वाट नीट आखलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच महाराष्ट्रात, पालघरला, २०१३ च्या फेब्रुवारीत झाली. त्याची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते, डॉक्टर मुलं तपासतात, शंका आलेलं मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं अंगणवाडीताईंसाठी दिव्यांग बालकांची वेगळी कार्यपद्धतीही दिली. मूल लवकर हेरलं जावं हा हेतू, आणि त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. प्रश्न हेरल्यानंतरचा आहे. मुखेडला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता ठरवायला मानसतज्ज्ञ लागतो, श्रवणदोषाला तपासणीचं यंत्र आणि ते चालवणारा लागतो. त्यासाठी सत्तर-ऐंशी किलोमीटरवरचं नांदेड. तिथं दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा वार ठरलेला. तो चुकला तर पुढचा आठवडा आणि पुढची मजुरी.

बोर्डापुढं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. चाचणी मराठीत किंवा हिंदीत असते. चित्रातली वस्तू त्याला ठाऊक असते, तिचं नाव त्या भाषेत ठाऊक नसतं. समोर अनोळखी माणूस, खोलीत पंख्याचा आवाज, तीन तासांचा प्रवास झालेला; लेकरू आईच्या पदरात तोंड खुपसतं. कधी यातून टक्का वाढतो, कधी आईनंच सगळी उत्तरं दिल्यानं घटतो. बौद्धिक अक्षमतेबाबत २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तात्पुरता 'विकासातील विलंब' म्हटलं आणि मग पाचव्या, दहाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली. मूल बदलतं म्हणून वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच आहे. घराच्या बाजूनं पाहिलं तर तीच पिशवी, तीच गाडी, पुन्हा.

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र केवळ ऑनलाइन, दिव्यांग ओळखपत्राच्या यूडीआयडी पोर्टलवरूनच मिळतं. २०२४ च्या ऑक्टोबरात नियम बदलले. चाळीसच्या आत पांढरं कार्ड, चाळीस ते ऐंशी पिवळं, त्यावर निळं. एक गोष्ट या बदलानं खरंच सुधारली. गावोगावचे वेगवेगळ्या नमुन्यांचे, न वाचता येणाऱ्या शिक्क्यांचे दाखले संपले. पण पोर्टलला आधार लागतं, आणि सेरेब्रल पाल्सीत मुठी घट्ट वळलेल्या मुलाचे बोटांचे ठसे उमटत नाहीत. अशा मुलांसाठी नियमात सवलत आहे. ती सेवा केंद्र चालवणाऱ्याला माहीत असली तर काम होतं.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत, म्हणजे २०१८ च्या उत्तरार्धात, देशातल्या दिव्यांग व्यक्तींपैकी २८.८ टक्के जणांकडंच प्रमाणपत्र होतं. सरकारकडून कसली तरी मदत मिळालेले २१.८ टक्के. आता हे आकडे वर गेले असतील.

प्रमाणपत्राबद्दल आज तीन मतं आहेत. एक मत कडक तपासणीचं. खोट्या दाखल्यांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं २०२४ मध्ये गाजली, त्यानंतर राज्यात कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली. खोटा दाखला खऱ्या माणसाची जागा खातो, हे त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे. दुसरं मत पालक संघटनांचं. लबाडी नोकरीसाठी होते, पाच वर्षांच्या मुलाच्या दाखल्यात कुणाचा काय फायदा. मग प्रत्येक नव्या अटीचा भार त्याच्या आईवर का. तिसरं मत टक्क्यालाच हात घालतं. ७५ टक्के म्हणजे शरीराचं किंवा बुद्धीचं माप. नळ, संडास आणि सासू घरात असलेल्या ७५ टक्क्यांचा आणि डोक्यावरून पाणी आणणाऱ्या एकटीच्या ७५ टक्क्यांचा दिवस सारखा नसतो. २०१६ च्या कायद्यात 'उच्च आधाराची गरज' अशी स्वतंत्र कल्पना आहे. ती मोजण्याची व्यवस्था तालुक्यापर्यंत उतरलेली दिसत नाही. मला स्वतःला या तिसऱ्या मतात सर्वांत जास्त तथ्य वाटतं, आणि सर्वांत कमी चर्चा त्याचीच होते.

कुठली शाळा

या क्षेत्रातला सर्वांत जुना वाद शाळेचा. मूल गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इतरांबरोबर बसावं की त्याच्यासाठीच्या विशेष शाळेत जावं?

समावेशित शिक्षणाची बाजू तत्त्वानं भक्कम आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं आली. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २०१६ मध्ये सांगितलं की वेगळी शाळा हा कायमचा मार्ग असू शकत नाही. शेजारची मुलं लहानपणीच बरोबर बसली तर पुढं गावात त्याला नावानं हाक मारणारं कुणी उरतं, हा अनुभवाचा मुद्दाही आहे. विशेष शाळेची बाजू म्हणते, साठ मुलांच्या दुशिक्षकी शाळेत एक मूल भिंतीला टेकून बसवणं म्हणजे समावेश नव्हे. खुणांची भाषा, ब्रेल, स्नायूंचे व्यायाम, स्वतःचे कपडे घालायला शिकणं यासाठी शिकलेली माणसं लागतात. बौद्धिक अक्षमतेच्या शाळांत 'दिशा' हा जय वकीलनं घडवलेला अभ्यासक्रम राज्यानं स्वीकारल्यानंतर निदान काय शिकवायचं हे ठरलं, नाहीतर प्रत्येक शाळेचं वेगळंच चाललेलं होतं. २०१६ चा कायदा या वादात मध्ये उभा आहे. सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला शेजारची शाळा किंवा त्याच्या पसंतीची विशेष शाळा, दोन्ही मोफत.

तिसरी वाट घरी शिकण्याची. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला गृहाधारित शिक्षणाचा पर्याय २०१२ पासून आहे आणि त्याच्यासाठी विशेष शिक्षक ठरल्या दिवशी घरी जातात. टीकाकार म्हणतात, यामुळं पटावर नाव राहतं आणि मूल उंबऱ्याच्या आतच राहतं. ज्यांच्या घरी असा शिक्षक नियमानं येतो त्या आया वेगळंच सांगतात. लेकराशी त्याच्या नावानं बोलणारं, त्याला घास कसा द्यायचा, कुशीवर कसं वळवायचं हे तिला दाखवणारं बाहेरचं माणूस पहिल्यांदाच घरात आलेलं असतं.

वाद कुठल्याही बाजूनं लढा, शेवटी माणसांच्या संख्येपाशी येतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या ऑक्टोबरात प्राथमिकला दहा आणि त्यापुढं पंधरा मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. २०२५ च्या मार्चमध्ये राज्यांना कायमची पदं निर्माण करायला बजावलं. महाराष्ट्रानं त्याआधीच, २०२४ च्या ऑक्टोबरात, केंद्रशाळांच्या पातळीवर ४,८६० पदं मंजूर केली आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचं ठरवलं. एका केंद्राखाली दहा-बारा शाळा येतात. म्हणजे शिक्षकाची दुचाकी हीच खरी शाळा.

मुखेडकडून पाहिलं की या वादात एक गोष्ट कमी पडते. ऊसतोडीचा हंगाम. मुकादमाकडून उचल घेतलेलं जोडपं सहा महिने कोपीवर राहणार. धडधाकट भावंडांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय सांगितली जाते. ती स्वतःचं स्वतः करणाऱ्या मुलांना धरून आखलेली आहे. चालता न येणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीचं काय? तिला आजीजवळ ठेवायचं, की फडात न्यायचं आणि पाचटाच्या सावलीत निजवायचं, की निवासी विशेष शाळेत टाकायचं? समावेशाचे पुरस्कर्ते निवासी शाळेला तोडणं म्हणतात. अशा बापाला ती दोन वेळच्या जेवणाची आणि कडीकोयंड्याची हमी वाटते. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. शाळेत सहा वर्षांच्या आत प्रवेश नाही आणि मेंदूला वळण लावण्याची वर्षं तर तीच. त्या वयासाठी तालुक्यात अंगणवाडीखेरीज काही नाही, हे मात्र दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

पगार

संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला इकडं 'पगार' म्हणतात. योजना १९८० ची. महिन्याचे हजार २०२३ मध्ये दीड हजार झाले. दिव्यांगांसाठी २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळानं अडीच हजार केले. मूल अज्ञान असलं तर पैसे पालकामार्फत मिळतात. केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतन तीनशे रुपये आहे, तेही अठरा वर्षं पुरी झाल्यावर आणि ऐंशी टक्के दिव्यांगत्व असल्यावर.

देगलूर-बिलोलीच्या पलीकडं तेलंगण लागतं. तिथं २०२३ पासून दिव्यांगांना ४,०१६ रुपये मिळतात. सोयरीक दोन्हीकडं असल्यामुळं हा आकडा इकडच्या ओट्यावर पाठ असतो, आणि सीमेवरच्या गावांनी तेलंगणात जाण्याची भाषा केली त्यामागं असल्या तुलना होत्या. दिव्यांगांसाठी आंदोलनं करणारे बच्चू कडू यांनी २०२५ च्या जूनमध्ये मोझरीला उपोषण केलं तेव्हा सहा हजारांची मागणी होती. वाढीच्या विरोधात उघडपणे कुणी बोलत नाही. आक्षेप तिजोरीचा असतो. शिवाय काही अभ्यासक म्हणतात की रोख वाढवत नेलं की सेवा उभारायची जबाबदारी सरकारला टाळता येते. अडीच हजार हातात आले तरी फिजिओथेरपिस्ट मुखेडात राहायला येत नाही.

आईच्या श्रमाचं मोल हा नवा मुद्दा. २०१६ च्या कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात २०१० पासून 'आश्वासकिरणम्' योजना आहे; तीत घरी सांभाळ करणाऱ्याला महिना सहाशे रुपये देतात. पुरस्कर्ते म्हणतात, रक्कम लहान असली तरी हे काम आहे ही कबुली त्यात आहे. स्त्रियांच्या काही संघटनांना भीती वाटते की आईला भत्ता दिला की बाप, काका, गाव सगळे मोकळे होतील आणि ती कायमची बांधली जाईल. त्यापेक्षा दिवसभराचं सांभाळ केंद्र द्या. महाराष्ट्रात ही चर्चा अजून नीट सुरूही झालेली नाही.

राहिलं आरोग्य आणि बाकीचं. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही, पण आधी खिशातून घालून नंतर बिलं पाठवायची. एसटीत ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्क्यांवर असलेल्याच्या सोबत्याला निम्मं तिकीट. शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलीला महिना दोनशे. प्राप्तिकरातली वजावट, दिव्यांग अपत्याला आयुष्यभर मिळणारं कौटुंबिक निवृत्तिवेतन, या चांगल्या सोयी नोकरदारांच्या.

बाजू कुणी मांडायची

इथं वाद नाजूक होतो. आईबाप मुलासाठी बोलतात, हे इतकं उघड वाटतं की त्यावर प्रश्न निघेल असं वाटत नाही. प्रश्न दिव्यांग व्यक्तींनीच काढला. मालिनी छिब यांच्यासारखी माणसं मोठी झाली, स्वतः लिहू लागली, आणि त्यांनी विचारलं की आमच्याबद्दलचे निर्णय आमच्यावाचून का होतात.

महाराष्ट्राला या प्रश्नाची आठवण १९९४ नं करून दिलेली आहे. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या. पाळीची स्वच्छता राखता येत नाही आणि सुरक्षिततेची हमी नाही, असं समर्थन होतं. स्त्री संघटनांनी विरोध केला, राज्यभर वाद पेटला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तेव्हाही पालकांतले काही जण समर्थनात होते. त्यांना निर्दय म्हणून सोडून देणं सोपं आहे. वयात आलेल्या मुलीला घरी ठेवून कामाला जाणाऱ्या आईची भीती आजही तीच आहे, आणि तिला उत्तर म्हणून पोक्सो कायदा आहे, शेजार मात्र नाही.

पालकत्वाचा कायदेशीर प्रश्न याच्याशीच जोडलेला. मूल अठराचं झालं की कायद्यानं सज्ञान. बँक त्याची सही मागते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही अडचण सातबाऱ्यावरून चटकन कळते. अज्ञान वारसाच्या नावापुढं 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, लागतं आणि अठरानंतर ते काढावं लागतं. निघालं की लेकराच्या हिश्श्याचं कोण बघणार? राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. २०१६ चा कायदा मात्र मर्यादित पालकत्व म्हणतो, म्हणजे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. आंतरराष्ट्रीय करार त्याही पुढं जातो. कुणाच्या जागी निर्णय घेऊच नका, त्याला निर्णय घ्यायला मदत करा. तीन पायऱ्या आहेत आणि तिन्ही एकाच वेळी चालू आहेत. ज्याला बोलताच येत नाही त्याचं काय, असं पालक विचारतात. दिव्यांग कार्यकर्ते म्हणतात, बोलता येत नाही म्हणजे मत नाही असं नव्हे. दोघांना एका खोलीत बसवणारं व्यासपीठ मुंबई-पुण्यात कधीमधी सापडतं.

तालुक्यात बाजू मांडणारा बहुतेकदा दिव्यांग संघटनेचा कार्यकर्ता असतो, स्वतः पायानं किंवा डोळ्यानं अधू असलेला पुरुष. त्याच्या मोर्च्यातून पगार, घरकुल, गाळा, तीनचाकी या मागण्या येतात, आणि त्या रास्त आहेत. स्वमग्न मुलाच्या आईला मोर्च्याला यायला वेळ नसतो. त्यामुळं तिची मागणी यादीतच येत नाही.

आमच्यामागं

सगळ्या पालकसभा शेवटी एका वाक्यावर येतात: आमच्यामागं याचं कोण? मुंबई परिसरातल्या पालकांनी बदलापूरला 'आधार' उभारून उत्तर शोधलं; आईबापांनी मिळून काढलेलं, प्रौढ मुलांना आयुष्यभर सांभाळणारं घर. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना स्वतःचं आडनाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा झालं म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, त्यांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा करावा, ही त्यांची जुनी मागणी आहे. त्यांच्याकडंच वाढलेली, दृष्टी नसलेली माला पापळकर राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली.

उलट बाजूही याच राज्यातली आहे. शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या बालगृहातल्या हालांची बातमी आली तेव्हा २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभरच्या अशा बालगृहांची तपासणी लावली. त्यामुळं संस्था की घर, या प्रश्नाचं उत्तर संस्थेच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. घराच्या बाजूचे म्हणतात, संस्थेचा खर्च घराला द्या. संस्थेच्या बाजूचे म्हणतात, म्हाताऱ्या आईच्या घरात पैसा टाकून उचलायचे हात येत नाहीत. मोठ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी, धाकट्या भावाची बायको काय म्हणेल ही काळजी, या गोष्टी कुठल्याच धोरणात नाहीत. निर्णय होतो तो त्यांवरच.

जे उरलं

कुठले प्रश्न उघडे आहेत ते एव्हाना दिसलं असेल. पहिला मोजणीचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले, तेही जुन्या प्रकारांनी. एकवीस प्रकारांची गावनिहाय मोजणी अजून व्हायची आहे. दुसरा, टक्क्याऐवजी गरज मोजायची का, आणि मोजणार कोण. तिसरा, सहा वर्षांच्या आतल्या आणि अठराच्या पुढच्या मुलांचा. शाळेचं वय मध्ये आहे म्हणून सगळी चर्चा मध्येच अडकते. आणि ऊसतोडीच्या सहा महिन्यांत लेकरू कुठल्या तालुक्याचं, इथल्या की कारखान्याच्या, हेही कुणी ठरवलेलं नाही.

या सगळ्यात गावाच्या हातातली गोष्ट एकच आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. घरपट्टी-पाणीपट्टी वर्षाला दोन लाख वसूल झाली तर ते दहा हजार होतात. लहान रक्कम आहे. बहुतेक ठिकाणी ती वर्षाअखेरीला सर्वांना सारखी वाटून मोकळे होतात. याच पैशात नांदेडच्या बोर्डाला जाणाऱ्या पाच लेकरांसाठी वर्षातून काही वेळा जीप लावता येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरते. पुढच्या सभेत उठून दोनच गोष्टी विचारा: पाच टक्क्यांचे किती झाले, आणि गावातल्या दिव्यांग मुलांच्या यादीत नावं किती आहेत. यादी नसेल तर अंगणवाडीताईला आणि त्या आयांना शेजारी बसवून तिथंच लिहायला घ्या.